घुमटावरचा डावा हात

चवथीचा दुसरा दिवस, 2022. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावर रात्रीच्या आरत्या रंगात आल्या होत्या. घुमट हे मातीच्या मडक्याचे वाद्य वाजवणारे गेली पंचवीस वर्षे तेच. उजवा हात चामड्यावर, आणि डावा मडक्याच्या उघड्या तोंडावर. ते तोंड कधी झाकायचे, कधी मोकळे सोडायचे, यावर घुमटाचा आवाज ठरतो. त्या रात्री त्यांचा डावा हात मागे पडू लागला. जोडीला समेळ हा ढोल वाजवणाऱ्याने दोनदा वळून पाहिले. तिसऱ्या आरतीला घुमट हातातून निसटले आणि फुटले. मातीचेच ते. "चढलेली दिसते," कोणीतरी म्हणाले आणि गोष्ट हसण्यावारी गेली. चवथीचे पाच दिवस हा माणूस दारूला शिवत नाही, हे घरच्यांना ठाऊक होते. पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात कोण कोणाला खुलासा करणार?

आमच्या केसपेपरवर या आजाराचे पहिले लक्षण म्हणून 'डाव्या हाताची आकडी' असे लिहिले आहे. ती नंतर तीन आठवड्यांनी आली. खरी पहिली तारीख त्या फुटलेल्या घुमटाची. ती मला कळायला दोन महिने लागले, कारण तसा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

हे प्रकरण लिहिण्याआधी रुग्णाला आणि त्यांच्या पत्नीला विचारले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे.

माणूस 46 वर्षांचा. एकेकाळी खाणीवर दोन टिपर स्वतःचे, कर्जावर घेतलेले. आकडी आली तेव्हा घराजवळच्या एका खासगी इस्पितळात नेले. तिथे सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला, पुढच्या भागात, सुजेचा काळपट डाग दिसला. आकडीसाठी फेनिटोइन आणि सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झाले. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताची मूठ वळू लागली. पाचव्या दिवशी स्वतः चालत ते घरी गेले. सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या, दर तीन दिवसांनी एक कमी करायच्या. "अर्धांग परतवलं डॉक्टरांनी," असे घरात सगळे म्हणत होते. गोळ्या संपल्या आणि दोन आठवड्यांत हात पुन्हा लोंबू लागला. आता डोके दुखायचे, बोलणे अर्ध्यावर तुटायचे, आणि एरवी पुतण्यांवर खेकसणारा माणूस तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचा. बायकोला याचीच जास्त भीती वाटली. "राग यायचा बंद झाला ह्यांना," असे त्या म्हणाल्या. मेंदूच्या पुढच्या भागातील आजाराचे इतके नेमके वर्णन मला पुस्तकात आढळले नाही.

दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्री ते आमच्या वॉर्डात आले. बाहेर रस्त्यावर ढोल आणि फटाके, आत मी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारतोय. सोबत पत्नी आणि थोरले बंधू. घरातला सगळा कारभार या बंधूंकडे. मी नेहमीची यादी विचारली: साखर, रक्तदाब, क्षय, आणखी कुठला जुना आजार? बंधूंनी उत्तर दिले, "काही नाही, डॉक्टर. घोडा होता माझा भाऊ." रुग्ण छताकडे बघत होते. पत्नी पायाशी चादर नीट करत होत्या. मी 'काही नाही' लिहून घेतले.

ही माझी चूक, आणि ती नवशिक्याची चूक. मेंदूत गाठ असलेल्या माणसाला खासगी प्रश्न विचारायचे तर आधी खोली रिकामी करावी लागते. मी तीन माणसांसमोर विचारले आणि तीन माणसांसमोर देता येईल एवढेच उत्तर मला मिळाले.

तिसऱ्या दिवशी पत्नी पाण्याच्या कूलरपाशी एकट्या भेटल्या. पिशवीतून रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक पुस्तिका काढून त्यांनी माझ्या हातात दिली. एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथली, पुस्तिका. "तांदळाच्या डब्यात होती. भावोजींना ठाऊक नाही."

पुस्तिका उलगडली तसा उलगडा होत गेला. 2012 मध्ये अंगावर नागीण उठली तेव्हा एचआयव्हीचे निदान. सीडी4 पेशी, म्हणजे एचआयव्ही मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशी, तेव्हा 180. औषधे सुरू, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि एफाव्हिरेन्झची रात्रीची एक गोळी. 2017 पर्यंत सीडी4 520. पत्नीची तपासणी दरवर्षी, दरवर्षी निगेटिव्ह. मग 2018 च्या मध्यापासून तारखांच्या रकान्यात फटी दिसू लागतात आणि 2019 च्या पावसाळ्यानंतर पाने कोरी.

2018 म्हणजे काय, हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. टिपर उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. त्यांनी एक टिपर विकला, आणि दुसरा दारात गंजत ठेवून बेळगावच्या एका मालकाच्या ट्रकवर चालकाची नोकरी धरली. होस्पेट, हुबळी, बेळगाव. महिन्याची गोळ्यांची तारीख आली की माणूस घाटापलीकडे. एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, मग समुपदेशक ओरडतील म्हणून लाज वाटू लागली. फोन नंबर बदलला. तब्येत मात्र उत्तम होती, आणि हीच अडचण. एचआयव्हीची गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. पुढच्या महिन्यातही होत नाही. तीन वर्षे काही झाले नाही.

घरात लपवाछपवी का, असा प्रश्न मला एका तरुण सहकाऱ्याने विचारला. त्याचा जन्म 1989 नंतरचा. त्या वर्षी गोव्यात डॉमनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तदानातून एचआयव्ही सापडला, तेव्हा त्याला पोलिसांनी नेऊन म्हापशातील क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात 64 दिवस कोंडून ठेवले होते. तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आज तो कायदा तसा राहिलेला नाही. उलट 2017 चा एचआयव्ही कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, काही अपवाद सोडता रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती कुणालाही सांगायला बंदी घालतो. पण कायदा बदलला म्हणून वाड्यावरची आठवण बदलत नाही. थोरले बंधू तेव्हा वीस-बावीस वर्षांचे असतील.

रुग्णाशी पडद्याआड बोललो, समुपदेशक बसल्या, संमती घेतली, तपासण्या गेल्या. सीडी4: 34.

हा एक आकडा आल्यावर मेंदूतल्या त्या डागाकडे बघण्याची नजरच बदलते. धडधाकट माणसाच्या मेंदूत अशी गाठ असती तर पहिला विचार ग्लायोमाचा, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या गाठीचा, किंवा दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाचा झाला असता. सीडी4 34 असताना रांगेत पुढे येतात ते वेगळेच. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, मांजरीच्या विष्ठेतून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून कधीतरी शरीरात शिरलेला आणि वर्षानुवर्षे झोपलेला. क्षयाची गाठ, जी आपल्या देशात नेहमीच शंकेच्या पहिल्या ओळीत हवी. क्रिप्टोकोकस ही बुरशी. आणि मेंदूतच उगवणारा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग. पहिल्या तिघांवर औषध आहे आणि ते लगेच सुरू करता येते. चौथ्याचे नाव घ्यायला मात्र मेंदूचा तुकडा लागतो.

एमआरआयमध्ये 4.2 सेंटिमीटरची एकच गाठ. कडा दातेरी, रंगद्रव्य दिल्यावर कडेने उजळणारी, मध्ये मेलेला भाग. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पुलापर्यंत पोचलेली, आतल्या पोकळीला चिकटलेली. धडधाकट माणसातला लिम्फोमा सहसा सगळाच्या सगळा सारखा उजळतो. एचआयव्ही असलेल्या माणसात मात्र तो मधून मरतो आणि कड्यासारखा दिसतो, अगदी टॉक्सोसारखा. फोटो बघून दोघांना वेगळे करणे अवघड ते यामुळे. तरी झुकते माप देता येते. टॉक्सो बहुधा अनेक ठिकाणी, आणि बऱ्याचदा मेंदूच्या खोल गाभ्यात असतो. एकटीच, चार सेंटिमीटरच्या वरची, पुलावरून पलीकडे निघालेली गाठ लिम्फोमाकडे बोट दाखवते. आमच्या रेडिओलॉजिस्टने स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे गाठीतल्या रसायनांचा आलेख, करून कोलीन वाढलेले दाखवले, ही कर्करोगाकडे झुकणारी खूण, पण सोबत चरबीचा सुळकाही होता, जो क्षयाच्या गाठीतही येतो. "या यंत्राला विचारलंत तर ते दोघांची नावं घेईल," असे तो म्हणाला. खरे होते.

टॉक्सोप्लाझ्माची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. ती निगेटिव्ह असती तर टॉक्सो बराच मागे पडला असता. पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच, की परजीवी कधीतरी शरीरात आला होता. क्रिप्टोकोकसची रक्तचाचणी निगेटिव्ह, छातीचा फोटो स्वच्छ, थुंकीत क्षय नाही. पाठीच्या पाण्यात, या लिम्फोमाशी जोडलेल्या एपस्टीन-बार विषाणूचा शोध घेता आला असता तर मोठी मदत झाली असती. पण मेंदूचा मध्य एका बाजूला सरकला होता, आणि अशा वेळी पाठीत सुई घालून दाब एकदम उतरवला तर मेंदू खाली धसू शकतो. तो रस्ता बंद.

राहिला एक जुना, साधा आणि माझ्या मते अजूनही सर्वांत हुशार मार्ग: टॉक्सोचे औषध द्यायचे आणि बघत बसायचे. टॉक्सो असेल तर बहुतेक रुग्ण दोन आठवड्यांत स्पष्ट सुधारतात, आणि गाठी आकसलेल्या दिसतात. सुधारले नाहीत तर सुई घालायची. दोन आठवड्यांचे हे थांबणे म्हणजे स्वतःच एक तपासणी आहे, फक्त ती प्रयोगशाळेत होत नाही, खाटेवर होते. तिचा निकाल वाचता यावा म्हणून मधल्या काळात दुसरे काही मिसळायचे नाही.

इथेच त्या पहिल्या इस्पितळातले स्टेरॉइड आड येते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. समोर आकडी आणि सूज असलेला माणूस, एचआयव्हीची कल्पना नाही, मग डेक्सामेथासोन दिलेच जाते. मेंदू दाबाखाली धसू लागला असता तर मीही दिले असते, आणि तेव्हा प्रश्न-उत्तरांचा विचारही करायचा नसतो. पण लिम्फोमाच्या बाबतीत स्टेरॉइड नुसती सूज उतरवत नाही. त्या पेशी स्टेरॉइडने प्रत्यक्ष मरतात. गाठ काही आठवडे विरघळल्यासारखी होते, स्कॅनमध्ये दिसेनाशीही होऊ शकते, आणि त्या दिवसांत सुई घातली तर हाती येतात नुसत्या मेलेल्या पेशी. मग ती परत येते. पाच दिवसांत परतलेले 'अर्धांग' त्यातलेच होते. गोळ्या संपून तीन आठवडे होत आले होते, त्यामुळे गाठ पुन्हा भरली होती. सुई घालायची वेळ आलीच तर हे आमच्या फायद्याचे होते, एवढे निष्ठुर वाक्य मी त्या वेळी वॉर्डातल्या कोणाला म्हटले नाही.

तर ठरले असे. टॉक्सोसाठी कोट्रायमॉक्सेझॉलच्या मोठ्या मात्रा, दुप्पट ताकदीच्या दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी. फेनिटोइन काढून लेव्हेटिरासेटाम, कारण पुढे द्यायचे एचआयव्हीचे औषध डोलुटेग्रॅविर फेनिटोइनमुळे रक्तात टिकत नाही. सुजेसाठी लागेल तेव्हा मॅनिटॉल. स्टेरॉइड नाही. क्षयाची औषधेही नाहीत. यावर आमच्यात चांगली खडाजंगी झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे, आपल्याकडे क्षय एवढा आहे की टॉक्सो आणि क्षय दोन्हीचे एकदमच सुरू करावे. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा, आणि दुसऱ्या एखाद्या रुग्णात मी त्यांचे ऐकले असते. पण इथे छाती स्वच्छ होती, ताप नव्हता, वजन फारसे उतरले नव्हते. चार क्षयविरोधी औषधे वर ओतली असती आणि पंधराव्या दिवशी माणूस थोडा बरा दिसला असता, तर कशाने बरा झाला हे कुणाला सांगता आले असते?

थोरल्या बंधूंना हे पटणे शक्यच नव्हते. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता. पहिल्या इस्पितळाने एक इंजेक्शन दिले, भाऊ पाच दिवसांत उठला. इथे आठ दिवस झाले, भाऊ उलट जास्त झोपतोय. औषध सुरू झाल्याच्या सहाव्या दिवशी ते जुना कागद घेऊन आले, त्यावर डेक्सामेथासोनच्या नावाखाली पेनाने रेघ ओढलेली. "हेच द्या. पैसे मी भरतो." मी म्हणालो, "ते औषध ज्या गाठीला विरघळवतं, तिचं नाव आम्हाला अजून ठाऊक नाही. विरघळली की नाव कळणार नाही, आणि ती परत येईल." ते म्हणाले, "आली तर परत द्या." याला तर्काने उत्तर देता येते, पण ज्याचा भाऊ डोळ्यांसमोर निजत चालला आहे त्याला तर्क ऐकू येत नाही. शेवटी मी एक तारीख दिली: चौदावा दिवस, त्याच्या आत उत्तर. ते जिन्यात जाऊन बसले. पत्नी मात्र सारे काही समजून एक शब्द बोलत नव्हत्या. भावोजींना अर्धेच ठाऊक, आणि उरलेले अर्धे त्यांच्या पिशवीत.

नवव्या दिवशी डावा पायही गेला. दहाव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये गाठ 4.8 सेंटिमीटर, आणि आतल्या पोकळीच्या भिंतीला एक बारीक उजळ रेघ, जी आधी नव्हती. माणूस ढासळत असेल तर चौदा आकडा मोजत बसायचे नसते. बाराव्या दिवशी स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी झाली. डोक्याला चौकट बसवून, सीटीवरून कोन काढून, कवटीला करंगळीपेक्षा लहान भोक आणि त्यातून सुई. सगळे मिळून दीड तास. पॅथॉलॉजिस्ट बाहेर थांबल्या होत्या, मधल्या मेलेल्या भागातून नाही तर कडेच्या जिवंत भागातून तुकडे मिळाले याची त्यांनी तिथेच खात्री केली. सुई बाहेर आली, त्या संध्याकाळी डेक्सामेथासोन सुरू केले. दुसऱ्या दिवशी बंधू माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, पण चहा पाठवला.

अहवाल: रक्तवाहिन्यांभोवती कोंडाळे करून बसलेल्या मोठ्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), बी पेशींची खूण असलेले सीडी20 पॉझिटिव्ह, झपाट्याने दुभंगणाऱ्या. आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत एपस्टीन-बार विषाणूची खूण. म्हणजे मेंदूचा लिम्फोमाच.

हा विषाणू 1964 मध्ये अँथनी एपस्टीन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी आफ्रिकेतील मुलांच्या जबड्याच्या लिम्फोमातून शोधला. माणसात कर्करोग घडवणारा सापडलेला तो पहिला विषाणू. पण त्याची गंमत अशी, की तो जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो. बहुतेकांना लहानपणी उष्ट्यातून, लाळेतून लागतो, मग तो बी पेशींत दडून राहतो. टी पेशी त्याच्यावर पहारा देतात. एचआयव्हीने नेमका तोच पहारा मोडतो, आणि मेंदूसारख्या आडबाजूच्या ठिकाणी संसर्ग झालेली एखादी बी पेशी बेलगाम वाढू लागते. एचआयव्हीसोबत येणाऱ्या मेंदूच्या लिम्फोमात हा विषाणू जवळजवळ नेहमी सापडतो. म्हणजे एचआयव्ही स्वतः गाठ करत नाही, तो फक्त दार उघडे सोडतो.

डोळे तपासले, कारण हा लिम्फोमा डोळ्यातही शिरतो. नव्हता. छाती-पोट स्वच्छ.

उपचारांचा भाग बाहेरून कंटाळवाणा वाटेल, पण आमची खरी दमछाक तिथे झाली. मेंदूच्या लिम्फोमाचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, तेही इतक्या मोठ्या मात्रेत की ते मेंदूपर्यंत पोचावे आणि मग उरलेले लघवीवाटे वेळेवर बाहेर पडावे. पूर्वी संपूर्ण मेंदूला किरणोपचार देत. गाठ उतरायची, पण वाचलेल्या माणसाची स्मृती आणि चाल पुढे बिघडत जायची. एचआयव्हीची प्रभावी औषधे येण्याआधी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण बहुतेक रुग्ण काही महिन्यांतच जात. आता माणूस वर्षानुवर्षे जगण्याची आशा असते, म्हणून किरण आम्ही राखून ठेवले.

मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावर बसते. टेनोफोव्हिरही मूत्रपिंडावर बसू शकते. म्हणून एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळीऐवजी अबाकाविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅविर. कोट्रायमॉक्सेझॉल मेथोट्रेक्सेटला शरीरात अडवून धरते आणि दोघे मिळून अस्थिमज्जा कोरडी पाडतात. ते बंद केले. मग न्यूमोसिस्टिसच्या न्यूमोनियापासून बचावाला डॅप्सोन, तेही जी6पीडी तपासून (ते कमी असेल तर डॅप्सोनने रक्तपेशी फुटतात). एकटे डॅप्सोन टॉक्सोपासून तितके राखत नाही, ती जोखीम जाणून घेतली. स्टेरॉइडसोबत सवयीने लिहिली जाणारी आम्लपित्ताची गोळी पॅन्टोप्राझोल मेथोट्रेक्सेटच्या दिवसांत काढायची. डोकेदुखीला आयब्युप्रोफेन कोणी देऊ नये म्हणून खाटेवर पाटी लावली. आणि यात एक फसवा आकडा: डोलुटेग्रॅविर सुरू झाल्यावर क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचे काम जोखतात, 0.9 वरून 1.1 झाले. रात्रपाळीच्या डॉक्टरने मेथोट्रेक्सेट थांबवण्याची तयारी केली होती. डोलुटेग्रॅविर क्रिएटिनिनला लघवीत सोडणारी एक वाट अडवते, मूत्रपिंडाचे काम मात्र तेवढेच चालू असते. हे ठाऊक नसेल तर चांगला उपचार चुकीच्या कारणाने बंद पडतो. ठाऊक असेल तरी दर वेळी धाकधूक होतेच.

लघवी आम्लारी ठेवावी लागते, नाहीतर औषधाचे खडे मूत्रपिंडात साचतात. शिरेतून सोडा आणि भरपूर सलाईन, आणि प्रत्येक लघवीला पट्टी बुडवून रंग बघायचा: पीएच, म्हणजे आम्ल-आम्लारीचा आकडा, 7 च्या खाली आला की नर्सला हाक. ही पट्टी पत्नीने हातात घेतली ती शेवटपर्यंत. रात्री दोनलासुद्धा त्या मोबाइलच्या उजेडात पट्टी डबीवरच्या रंगांशी जुळवत. त्यांच्या वहीत वेळ, रंग आणि आकडा असे तीन रकाने होते. आमच्या तक्त्यात फटी होत्या, त्यांच्या वहीत नव्हत्या.

एआरटी किती लवकर सुरू करावी? क्रिप्टोकोकसचा किंवा क्षयाचा मेंदूज्वर असता तर काही आठवडे थांबलो असतो, कारण पहारा अचानक जागा झाला की मेंदूत दाह उसळतो. इथे ते दोन्ही नव्हते. लिम्फोमात खुद्द एआरटी हाच उपचाराचा अर्धा भाग. बायोप्सीनंतर तिसऱ्या दिवशी सुरू केली.

मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चक्राच्या मधल्या एका दुपारी बंधूंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठले. "डॉक्टर, हा कॅन्सर झाला कशानं? भाऊ तंबाखू खात नाही." कायदा मला काय सांगू देत नाही ते मला ठाऊक होते, आणि मला खोटेही बोलायचे नव्हते. मी म्हणालो, "एका विषाणूनं." ते दचकले. "विषाणू? मग आम्हाला?" "तुमच्यातही असणार तो. माझ्यातही. जवळजवळ सगळ्यांच्या अंगात असतो." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "मग यालाच का?" मी सांगितले, की प्रतिकारशक्ती खाली गेली होती. ती का गेली, हे त्यांनी विचारले नाही. मला वाटते, त्यांना विचारायचे होते.

दोन चक्रांनंतर गाठ निम्मी. सहा चक्रांनंतर एमआरआयमध्ये उजळणारे काही उरले नाही, फक्त जुन्या जखमेचा व्रण. एचआयव्हीचा विषाणूभार तिसऱ्या महिन्यात मोजता येणार नाही इतका खाली. जुनी औषधे अर्धवट सोडल्याने विषाणू लॅमिव्हुडिनला सरावला असेल ही धास्ती होती, पण डोलुटेग्रॅविरने सांभाळले. सीडी4 वर्षभरात 210. मेथोट्रेक्सेट संपल्यावर कोट्रायमॉक्सेझॉल परत सुरू केले, आणि सीडी4 पुरेसे वर टिकले की तेही बंद होईल. मधे एकदा तोंडभर व्रण आले, एकदा पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की चौथे चक्र दहा दिवस लांबले. डाव्या हाताची मूठ आली. बोटांची सुटी हालचाल पूर्ण आली नाही, आणि आता येईल असे मला वाटत नाही. राग परत आला आहे. पुतण्यांवर ते पुन्हा खेकसतात, हे पत्नीने मला हसत सांगितले.

2023 च्या चवथीला त्यांनी घुमट हातात घेतले. फिजिओथेरपिस्टने सुचवले होते, हाताला याहून चांगला व्यायाम कुठला. दोन आरत्या वाजवल्या, मग पुतण्याकडे दिले आणि झांज घेतली. डावा हात अर्धी मात्रा मागे राहतो, असे ते स्वतःच म्हणाले.

आता एआरटीच्या तारखा चुकत नाहीत. ट्रक चालवायला आम्ही मनाई केली आहे, आकडी आलेल्या माणसाच्या हाती जड वाहन देणे धोक्याचे. खाणीच्या नव्या लिलावांत काही मिळेल या आशेवर दारातला टिपर अजून विकलेला नाही. बंधूंना कधी सांगायचे, हा निर्णय रुग्णाचा आहे, आणि तो त्यांनी अजून घेतलेला नाही. मागच्या खेपेला मी पत्नीला विचारले, पुस्तिका आता कुठे ठेवता? "तिथंच, तांदळात," त्या म्हणाल्या. "गोळ्यांची बाटलीही तिथंच. डबा रोज रात्री नऊला उघडते."